हुमणीचा बंदोबस्त एकट्याने होणार नाही

मुरुम-उमरगा भागात पावसाळ्याच्या उत्तरार्धात उभा ऊस पिवळा पडून वाळू लागला, की शेतकरी बुडख्याखालची माती उकरतो. तेथे मुळे कुरतडणारी हुमणी सापडते. तिच्यावरील त्याचे परिचित औषध म्हणजे फोरेट. त्या जहाल विषावर २०२० च्या अखेरीस देशभर बंदी आली. बंदी रास्तच होती. परंतु औषध गेले, हुमणी राहिली.

पर्याय मातीतच आहे. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमीची जात १९९२ मध्ये भारतातूनच शास्त्राला ज्ञात झाली. हा सूक्ष्म कृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्याजवळील जिवाणू सोडतो आणि दोन-तीन दिवसांत अळी मरते. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्युरोने त्याची भुकटीही तयार केली आहे.

अडचण आहे ती अर्थशास्त्राची. हा माल जिवंत, म्हणून नाशवंत. तो उन्हात मरतो, ओल्या मातीतच टिकतो. पावसाची शाश्वती नसलेल्या मराठवाड्यात तो साठविण्याची जोखीम कोणता दुकानदार पत्करील? शिवाय एकाने खर्च करावा आणि शेजाऱ्याच्या रानातील भुंगेरे वळिवानंतर उडून यावेत, हे ठरलेलेच.

ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्चही सामायिक हवा. बेणे आणि खते उधारीवर पुरवून उसाच्या बिलातून वसुली करण्याची रीत साखर कारखान्यांना नवी नाही. तीच सूत्रकृमींना लावावी. अन्यथा बंदीचा सारा भार एकट्या शेतकऱ्यावरच पडेल.