फिर्यादीत जात लिहिण्यास कचरू नका



“आम्ही बौद्ध झालो, मग फिर्यादीत जात कशासाठी लिहावयाची?” असे नागपुरात माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबे विचारतात. हा स्वाभिमान मी जाणतो; परंतु पोलीस ठाण्यात तो आपल्याच मुळावर येतो.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाल्या. पण 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नव्हे! 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हत्येमागे सूड पाहिला, जात नव्हे. जणू सूड घेणाऱ्यास जात नसते!

तेव्हा गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला, हे सिद्ध करावे लागे. 26 जानेवारी 2016 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, गंभीर गुन्ह्यांत, पीडिताची जात आरोपीस ठाऊक होती एवढे दाखविणे पुरेसे ठरले. जामिनाच्या सुनावणीत बाजू मांडण्याचा हक्कही पीडितास लाभला. पण फिर्यादीत जातीची नोंदच नसेल, तर हे कलम लागावे कसे? अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना 1990 पासून अनुसूचित जातीचाच कायदेशीर दर्जा आहे. त्या नोंदीने तुमच्या धर्मांतरास यत्किंचितही बाध येत नाही.

तोंडी फिर्याद सहीपूर्वी वाचून दाखविणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. ती नीट ऐका, कलमे विचारा, विनामूल्य प्रत मागा. आणि जात वगळली असेल, तर ती लिहिली जाईपर्यंत सही करू नका.