समुद्रनं आपले काय करनं शे?

समुद्रावर काही लिहायला घेतलं की आमच्याकडची मंडळी हसतात. धुळ्या-जळगावच्या माणसानं समुद्रावर बोलणं म्हणजे कोकण्यानं केळीच्या बागेवर सल्ला देण्यासारखं. आमच्या एका काकांचं तर ठरलेलं वाक्य आहे, "समुद्रनं आपले काय करनं शे?" काका हा ब्लॉग वाचतात (किमान म्हणतात तरी). तेव्हा त्यांना आज जाहीर उत्तर.

शिरपूर तालुक्यात तापीकाठी गिधाडे नावाचं गाव आहे. तिथं केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. नदीची पातळी किती, पाणी किती वाहतंय, याची नोंद होते. आपल्या लेखी ती एक सरकारी पट्टी. पण तापी गिधाड्याला थांबत नाही. मुलताईला उगवून 724 किलोमीटर वाहत ती सुरतेखाली खंबातच्या आखातात जाते, आणि तिच्या खोऱ्याचा बराच मोठा भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे किनाऱ्याला कळायला हवं ते पाणी आधी आपल्या दारावरून जातं.

किनाऱ्याजवळच्या समुद्राचं मॉडेल म्हणतात ते काय असतं? समुद्राचे कागदावर चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाण्याची पातळी, वेग, तापमान, क्षार हे सगळं भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढे पुढे मोजत न्यायचं. पण समीकरणांना काहीतरी खायला घालावं लागतं. वरून वारा, बाहेरच्या समुद्राकडून भरती-ओहोटी, आणि जमिनीच्या बाजूने नदीचं पाणी. यातलं एक जरी चुकलं तरी कॉम्प्युटर कितीही मोठा असो, उत्तर चुकणारच. गिरणीत जे टाकाल त्याचंच पीठ येणार.

मग उत्तर बरोबर आलं का, हे पडताळायला समुद्रात उपकरणं लागतात. लाटांची उंची मोजणारे पिवळे बोये असतात, तसा एक रत्नागिरीसमोर टाकलेला होता. बंदरांत भरतीमापक असतात. खंबातच्या आखातासाठी तर किनाऱ्यावरून रडार लावले, एक नवसारी जिल्ह्यातल्या वांसी-बोरसीला आणि एक पलीकडे सौराष्ट्रात जेगरीला. रेडिओलहरी लाटांवर आपटून परत येतात, आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवून पृष्ठभागावरच्या प्रवाहाचा वेग आणि दिशा काढतात. मला हे फार आवडतं. पाण्यात पाय न घालता पाणी मोजायचं! या सगळ्या नोंदी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत येतात. होय, हैदराबादला. समुद्रापासून लांब बसून समुद्र बघता येतो याचा याहून चांगला पुरावा काकांना कुठून देऊ?

आता 2006. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीच्या वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला. उकाई धरणात पाण्याचा लोंढा आला आणि खाली सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं. सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्यात गेला. धरण आधी किती भरलेलं ठेवायला हवं होतं, यावर तेव्हापासून पुष्कळ वाद झाले, ते मी इथे काढत नाही. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. 9 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, आणि खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं असल्यामुळे तिथली भरती देशातल्या सर्वात मोठ्या भरत्यांपैकी आहे. भावनगरला ती दहा मीटरच्या आसपास जाते. सुरतेकडे तेवढी नसली तरी मुखाशी पाणी चढलं की नदीला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून आपल्या मुलखातलं पाणी, खालून समुद्र, आणि मधे शहर.

त्या शहरात कोण होतं? आपलीच माणसं. उधना, लिंबायत, डिंडोलीला जाऊन बघा, अर्धा खान्देश तिथे लूम चालवतो. माझे मामाही तिथेच. राखीपौर्णिमेला आई तीन दिवस फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. मामा, मामी आणि मुलं शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होती, हे नंतर कळलं. प्यायला पाणी नाही आणि खाली पाणीच पाणी.

म्हणून मला वाटतं की नदीचं मोजमाप हे समुद्राच्याच मोजमापाचा भाग धरलं पाहिजे, आणि त्याला तितकाच मान मिळाला पाहिजे. सध्या होतं काय, की मॉडेलचं कौतुक होतं. रंगीत नकाशे, निळा-हिरवा-लाल समुद्र, वर्तमानपत्रात छापायला छान दिसतात. पण रात्री दोन वाजता भर पावसात नदीवर पातळी बघून नोंद करणारा माणूस कुठे छापून येतो? आता पुलाला लटकवलेले सेन्सर आले आहेत, ते चांगलेच आहे. पण सेन्सरलासुद्धा कोळ्याचं जाळं पुसायला आणि बॅटरी बदलायला माणूस लागतो. समुद्रातल्या बोयांची कथा वेगळी नाही. मासेमारीच्या बोटी त्यांना दोर बांधतात, कोणी सौरपट्ट्या काढून नेतं, आणि मग ऐन वादळात नोंद बंद. नवीन मॉडेलसाठी पैसे मिळतात, जुन्या उपकरणाच्या देखभालीसाठी मिळवताना नाकी नऊ येतात. हे उलटं असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी, अखंड, कंटाळवाणी नोंद ही सोन्यासारखी असते. मॉडेल काय, पाच वर्षांनी नवं येतंच.

दुसरं म्हणजे भाषा. रत्नागिरीच्या मच्छीमाराला मासे कुठे मिळतील याचा सल्ला मराठीत मिळतो, तशी सोय इन्कॉइसने केली आहे. मग आपल्याकडे पावसाळ्यात पेपरात काय येतं? "हतनूरचे अमुक दरवाजे उघडले." दरवाजे एकूण 41, ते सगळ्यांना पाठ. पण ते पाणी सारंगखेड्याला कधी पोचेल, उकाईला कधी, आणि त्या दिवशी सुरतेला भरती किती वाजता आहे? एका चौकटीत बसेल एवढी माहिती आहे. भरतीच्या वेळा तर वर्षभर आधी छापून तयार असतात! एखाद्या जिल्हा दैनिकाने ही चौकट सुरू केली तर सुरतेला लेक दिलेल्या प्रत्येक घरात ती वाचली जाईल.

असो. काका, तुमचीही धाकटी डिंडोलीलाच दिली आहे ना? यंदा हतनूरची बातमी वाचाल तेव्हा कालनिर्णयमधे पौर्णिमा-अमावास्या किती दिवसांवर आहे तेही बघा, आणि तिला फोन करा.