रमाबाईंचे बळ कोठून आले?

ख्रिस्ती श्रद्धेवर आपल्याकडे दोन आक्षेप जोडीने घेतले जातात. पहिला असा, की ती दुबळ्यांची कुबडी आहे. जगाचे घाव ज्याला सोसवत नाहीत, तो प्रभूच्या पायाशी रडून स्वतःचे दुःख विसरू पाहतो. दुसरा असा, की क्षमा, नम्रता आणि आज्ञापालन शिकवून ती माणसाची मान वाकवते, आणि इंग्रजी अमदानीत अशी वाकलेली मान राज्यकर्त्यांच्या सोयीचीच होती. या आक्षेपांना धर्मशास्त्रातून उत्तरे देता येतील. पण बळाची परीक्षा ग्रंथात होत नाही, आयुष्यात होते. म्हणून मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुराव्याला घेतो. ख्रिस्तश्रद्धेने येणारे आत्मिक बळ दुःख विसरायला लावत नाही. लोकांची मान्यता गेली आणि यशाची खात्री उरली नाही, तरी हातातले काम खाली ठेवू न देणारे ते बळ आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

यावर सर्वात वजनदार हरकत अशी, की रमाबाई बाप्तिस्म्याच्या आधीच खंबीर होत्या. हे खरे आहे. 1858 साली जन्मलेल्या या मुलीला अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकवले, तेही बायकांना विद्या देणे पाप मानले जात असताना. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत तिने देश पायी पालथा घातला. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जात आणि प्रांत ओलांडून विवाह झाला, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच तेही पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ही विधवा 1882 मध्ये पुण्यात आली आणि तिने आर्य महिला समाज उभा केला. इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 29 सप्टेंबर 1883 रोजी. तेव्हा धैर्य आणि बुद्धी ही त्यांची माहेरची शिदोरी होती, हे मान्य करण्यात ख्रिस्ती माणसाला कमीपणा वाटायचे कारण नाही. मग श्रद्धेने काय दिले? 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म पटला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो कित्येक वर्षांनी सापडला. मुळात त्यांचे मन वळले तेही एखाद्या सिद्धांताने नव्हे. समाजाने टाकलेल्या बायकांना इंग्लंडातल्या जोगिणी मायेने सांभाळतात हे त्यांनी पाहिले, असे का करता म्हणून विचारले, आणि उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. ज्या बाईशी कोणी बोलत नसे, तिच्याकडे ख्रिस्ताने पाणी मागितले होते. आधीच्या धैर्याने रमाबाईंना सभा जिंकता आल्या असत्या. आपले आयुष्य कोणासाठी खर्चायचे, ही दिशा त्यांना येथे मिळाली.

मान वाकवण्याचा आक्षेप तर त्यांचा पत्रव्यवहार वाचणाऱ्यापुढे टिकतच नाही. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, एकाच पंथाला बांधून घेण्याची सक्ती यांतले जे बायबलमध्ये स्वतःला दिसले नाही, ते त्यांनी केवळ कोणी सांगितले म्हणून स्वीकारले नाही. मायदेशातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर आता दुसरे खांद्यावर घ्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे मत बिशपांनी दिले, तेव्हा त्याचाही त्यांनी खरमरीत निषेध केला. राज्यकर्त्यांच्या बाबतीतही तेच. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांची जी आबाळ चालली होती, ती त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केली. मुंबईच्या गव्हर्नरांना ते मुळीच रुचले नाही. देवापुढे गुडघे टेकण्याची सवय असलेल्या या बाईला माणसांपुढे ते टेकण्याची गरज वाटली नाही.

खरी कसोटी 1893 मध्ये लागली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्याला नेलेले शारदा सदन विधवांना शिक्षण देई, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या बोलीवर. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांवर अन्याय करून चालणार नाही. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या घरांची तक्रार निराधार नव्हती, आणि रानड्यांसारख्या माणसाने आकसाने पाठ फिरवली असेही कोणी म्हणू नये. पण आपला प्रश्न बळाचा आहे. ज्या पुण्याने डोक्यावर घेतले त्यानेच तोंड फिरवल्यावर रमाबाई कशावर उभ्या राहिल्या? हट्टावर, असे कोणी म्हणेल. हट्टी माणूसही एकटा उभा राहतो, हे खरे. पण तो कडवट होतो, आणि त्याची उरलेली शक्ती आपलेच खरे होते हे सिद्ध करण्यात जाते. रमाबाईंच्या बाबतीत पुढे काय घडले? 1896–97 चा दुष्काळ पडला आणि ज्या संकटाने त्यांचे घर खाल्ले होते, त्याच संकटात त्या पुन्हा शिरल्या. मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी केडगावला आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर तेथे उभारलेल्या मुक्तीसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंधांचे शिक्षण असे सगळे बायकांच्याच हातांनी तेथे चालले. कडवटपणातून एवढे अन्न शिजत नाही.

आता कोणी विचारील, की आगरकरांनी देव न मानता असेच घाव सोसले, सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णाची शुश्रूषा करताना प्राण दिला, धोंडो केशव कर्वे बहिष्कार सोसत संस्था उभारत राहिले. मग बळ ख्रिस्ताचेच कसे? या बळाची मक्तेदारी मी सांगतच नाही. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. या माणसांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. मागणे न्यायाचे आहे. आगरकरांच्या निर्धाराचे श्रेय त्यांच्या बुद्धिवादाला द्यावे, आणि रमाबाई स्वतः ज्याचे नाव घेतात तो ख्रिस्त मात्र बाजूला सारून त्यांचे बळ स्वभावात, परिस्थितीत किंवा परदेशी पैशात शोधावे, हे दोन मापांनी मोजणे झाले. परदेशी पैशाने इमारती उभ्या राहिल्या. उपाशी, आजारी, शिवराळ झालेल्या शेकडो मुलींत रोज पहाटे उठून वावरण्याचे मन त्या पैशात येत नव्हते.

आमच्यातल्या श्रद्धाळूंनाही एक उत्तर देणे आहे. प्रार्थना केली की संकट टळते, असे सांगणारे प्रवचनकार कुबडीच्या आक्षेपाला स्वतःच खतपाणी घालतात. गेथशेमानेच्या बागेत येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. पौलाने देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवले आणि काटा राहिलाच. ज्या धर्माच्या मुळाशी अशा नाकारलेल्या प्रार्थना आहेत, तो सुखाची हमी कशी देईल? बळ घडते ते रोजच्या वाचनातून, प्रार्थनेतून आणि दुसऱ्याची सेवा करून; मन उचंबळण्यातून नव्हे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत आणण्याचे काम घेतले, आणि ते पंधराहून अधिक वर्षे चालवले. 1921 मध्ये, ज्या मनोरमेच्या हाती सगळे सोपवायचे होते, ती गेली. त्यांची प्रार्थना काही वेगळे मागत नसेल का? तरी भाषांतर थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या तेव्हा ते पुरे झाले होते, आणि केडगावच्या त्याच छापखान्यात त्याची पाने छापली जात होती.