वेगाची नोंद आणि मालकाचे उत्तरदायित्व

नोकरदारांना कचेरीत नेणाऱ्या-आणणाऱ्या मोटारींत, कारखान्यांच्या बसगाड्यांत, मालाच्या ट्रकांत आणि फिरतीच्या प्रतिनिधींना कंपनीने दिलेल्या गाड्यांत आता सर्रास जीपीएसचे यंत्र बसविलेले असते, आणि ठरवून दिलेली वेगमर्यादा चालकाने ओलांडली की त्याची खबर तत्क्षणी मालकाच्या दप्तरी रुजू होते. हे यंत्र म्हणजे चालकावरचा उघड अविश्वास होय, सबब ते काढून टाकावे, असे म्हणणारांशी मी सहमत नाही. यंत्र राहिलेच पाहिजे. परंतु त्याने केलेली नोंद चालकाला जितकी बंधनकारक, तितकीच ती मालकालाही असली पाहिजे, आणि आज नेमके तेच होत नाही.

यंत्र का राहावे, हे सांगायला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते, ताशी 100 किलोमीटर वेगाने सुमारे 28. आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एवढ्या फरकानेही ती दीडपटीहून अधिक होते. एवढे करून 60 किलोमीटरांच्या वाटेवर वाचतात ती अवघी 9 मिनिटे. मागच्या आसनावर पहाटेच्या पाळीला निघालेली, अर्धवट झोपेतली माणसे बसलेली असताना हा सौदा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण तो सौदा करतो कोण? पुण्याजवळच्या हिंजवडीला कर्मचारी पोचविणाऱ्या एखाद्या कॅबचा सकाळचा कागद, म्हणजे तिची ट्रिपशीट, डोळ्यांसमोर आणावा. पहिला पिकअप हडपसरला, दुसरा वानवडीला, तिसरा शिवाजीनगरला, चौथा औंधला, आणि साडेआठाच्या आत गाडी कंपनीच्या फाटकात. एक प्रवासी पाच मिनिटे उशिरा खाली उतरतो, विद्यापीठ चौकात सिग्नल दोनदा हुकतो, वाकडला रांग लागते. मग थोडा मोकळा रस्ता मिळताच चालकाचा पाय दाबला जातो आणि डॅशबोर्डवरचे यंत्र बीप वाजवू लागते. उशीर झाला तर ठेकेदाराच्या बिलातून कपात होते आणि ती फिरून चालकाच्याच पगारावर येते. वेग वाढला तर मेमो मिळतो. दोन्ही दंड एकाच माणसाच्या खिशातून, आणि ज्याने कागदावर साडेआठ हा आकडा लिहिला तो मात्र संध्याकाळच्या अहवालात कोठेच नसतो.

आपला कायदा याबाबत दैनंदिन वहिवाटीपेक्षा पुष्कळ अधिक न्यायी आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 183 केवळ वेगाने गाडी हाकणाऱ्याला दंडनीय ठरवून थांबत नाही. आपल्या नोकरीतील वा नियंत्रणाखालील माणसाला तशी हाकावयास लावणाराही त्यात गुन्हेगार आहे. त्याच कलमाचे चौथे पोटकलम तर असे सांगते की, वेगमर्यादा मोडल्याखेरीज पार पाडता येणार नाही असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले, किंवा अमुक वेळेत पोचण्याचा तसाच अशक्य हुकूम दिला, तर ते वेळापत्रक वा तो हुकूम हाच देणाऱ्याच्या अपराधाचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा. 1939 च्या कायद्यातही हीच तरतूद होती. म्हणजे उपग्रह आकाशात जाण्यापूर्वीच्या विधिकारांनाही कळत होते की गाडीचा वेग पुष्कळदा कचेरीतल्या मेजावर ठरतो. त्या काळी अडचण होती ती पुराव्याची. हुकूम अशक्य होता हे सिद्ध कसे करावे? आज ती अडचण उरलेली नाही. रोज त्याच वाटेवर, त्याच टापूत, निरनिराळ्या चालकांच्या गाड्या मर्यादा ओलांडत असल्याची नोंद महिनोन्महिने साठत असेल, तर दोष चालकांच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. तो कागदावरच्या आकड्यात आहे.

वेगाच्या शेजारी कामाच्या तासांचीही नोंद होत असते, आणि तिच्याकडे तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 याने, 2025 साली तो रद्द होईपर्यंत, सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. इंजिन केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद झाले हे ज्या यंत्राला कळते, त्याला चालकाला जेवायला वेळ मिळाला की नाही हेही कळते.

यंत्रही चुकते, याचे भान ठेवले पाहिजे. बोगद्यात संकेत तुटतो आणि बाहेर पडताना क्षणभर गाडीचे स्थान भलतीकडे उडी घेते. आणि वेग जरी बरोबर मोजला गेला, तरी त्या जागेची मर्यादा यंत्र नकाशावरून घेत असल्यामुळे, द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग जेथे जवळून जातात, तेथे एका रस्त्याचा नियम दुसऱ्या रस्त्यावरच्या गाडीला लागू शकतो. म्हणून चालकाला स्वतःची नोंद पाहता यावी, तिची प्रत मिळावी, आणि पगाराला हात लावण्यापूर्वी त्याची कैफियत ऐकून घेतली जावी. तसेच काम संपल्यावर गाडी घरी नेण्याची मुभा असलेल्या माणसाच्या मागे रविवारीही नजर ठेवण्याचे मालकाला प्रयोजन नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 साली दिला आहे, आणि मालकीची गाडी म्हणजे मालकीचा माणूस नव्हे.

मागणी साधी आहे. कंपनीच्या गाडीला अपघात घडला की पोलिसांनी आणि विमा कंपन्यांनी जीपीएसची नोंद मागवावी, तशीच त्या दिवशीची ट्रिपशीट, ठेकेदाराशी झालेला करार आणि चालकाच्या मागील महिन्याच्या पाळ्याही मागवाव्यात. आणि वेळापत्रकच अशक्य होते असे आढळल्यास कलम 183 खालील फिर्यादीत ते आखणाऱ्याचे नाव चालकाच्या नावाच्या वर लिहावे.