फौजी बातमीची तालीम

चंदीगडच्या ‘ट्रिब्यून’चे १९७७ ते १९८६ पर्यंतचे संपादक प्रेम भाटिया दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या प्रसिद्धी खात्यात होते. या खात्यातला पहिला धडा गप्प बसण्याचा. तुकडी कुठे आहे, कुठे निघाली, हे बाहेर फुटायचे नाही. संपादकाचे काम नेमके उलटे! जून १९८४ मध्ये अमृतसरला लष्करी कारवाई झाली, पंजाबातल्या बातम्यांवर सेन्सॉरशिप आली. एकेकाळी लष्करातर्फे बातम्या पुरवणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे होता. कुठली गुप्तता जवानांसाठी आणि कुठली सरकारच्या सोयीसाठी, हे त्याला इतरांपेक्षा लवकर कळत असणार. याच खात्यातले शायर फैज अहमद फैज १९४७ मध्ये लाहोरच्या ‘पाकिस्तान टाइम्स’चे संपादक झाले. त्यांना तर १९५१ मध्ये अटकच झाली.