दोन पणत्या

वसुबारसेच्या संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या उंबरठ्यावर दोन पणत्या लागल्या आणि मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल असा मी लगेच काव्यात्म झालो. म्हणालो, "पाहा, दोघींचा उजेड कसा एकमेकांच्या गळ्यात पडतो आहे!"

"गळ्यात कुठला, बाबा?" पणतीत तेल घालत आमची कन्या म्हणाली. ती भौतिकशास्त्र शिकते. "हिचे प्रकाशकण तिच्या प्रकाशकणांमधून खुशाल निघून जातात. म्हणून तर इतक्या दिव्यांच्या गर्दीतही आईचा चेहरा तुम्हांला स्वच्छ दिसतो."

"टक्कर कधीच होत नाही?"

"फार क्वचित. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये शिशाची अणुकेंद्रे प्रचंड वेगाने एकमेकांजवळून धाडली, तेव्हा कुठे २०१७ साली तिचा पुरावा मिळाला."

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो आहे की सत्य प्रकाशासारखे असते, कुणापुढे वाकत नाही. निदान ते तरी खरे ना?

"वाकतो की! जड वस्तूजवळ अवकाशच वाकलेले असते. प्रकाशकणाला वस्तुमान नसले तरी वाट वळेल तसे त्याला वळावेच लागते. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या किरणांनी आइन्स्टाइनचे हे म्हणणे खरे ठरवले."

माझ्या दोन्ही उपमा एका संध्याकाळी फुकट गेल्या! माझा चेहरा पाहून तिने मला खोडदची हकिकत सांगितली.

नारायणगावाजवळच्या या खेड्याच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओ लहरी म्हणजेही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेली लहर या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. इतकी क्षीण लहर एरवी हाती लागलीच नसती. पण वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी आली. तिच्या गुरुत्वाकर्षणाने पांगणाऱ्या लहरी भिंगासारख्या आपल्याकडे वळवल्या आणि तो संदेश सुमारे तीसपट ठळक झाला.

मी गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी तिने मराठी सोडून विज्ञान घेतले, तेव्हा मीही असाच तिच्या वाटेत आडवा आलो होतो. आठ दिवस अबोला धरला होता. ती मला वळसा घालून गेली.

"मग आडवे येणारे सगळेच काही वाट अडवत नाहीत म्हणायचे!" मी चाचरत म्हणालो.

ती हसली. "ते भिंगावर अवलंबून, बाबा. ती वात जरा पुढे सारा."

मी सारली.