उतरायचं कोण शिकवणार?

मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. "अहो बाई, पडल्याशिवाय कोणी शिकतं का?" हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की पूर्वी वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकून व्हायचं तसं होतं. विषय आहे मुलांच्या त्या होव्हरबोर्डचा. (या नावाचा अर्थ हवेत तरंगणारी फळी. तरंगत वगैरे काही नाही, चांगली दोन चाकं जमिनीला टेकलेली असतात. नावापासूनच थाप! असो.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाटापेक्षा थोडी लांब फळी, मधोमध जोडलेले दोन भाग, दोन्ही टोकांना एकेक चाक आणि धरायला दांडा नाही. वर उभं राहायचं, पुढे झुकलं की पुढे जातो, मागे झुकलं की मागे. हल्ली वाढदिवसाला सर्रास देतात. आमच्या सोसायटीत चार आहेत. चारही घरी मी चौकशी केली, की उतरायचं कसं हे मुलाला कोणी दाखवलं? चढायला सगळ्यांनी शिकवलं होतं. बाबांनी हात धरला, आईनं मोबाइलवर शूटिंग केलं, टाळ्या झाल्या. आणि उतरायला? "त्यात काय शिकवायचं, पाय खाली टाकायचा!"

इथेच सगळी गोम आहे. पाय खाली टाकायचा म्हणजे कुठे? आपण जिना उतरतो तो तोंड पुढे करून. ओट्यावरून उतरतो ते पुढे पाऊल टाकून. आमच्या पिढीला तर चालत्या बसमधून उतरायची सवय. आमचे विज्ञानाचे सर जडत्व शिकवताना तेच उदाहरण द्यायचे, की बसच्या दिशेनं चार पावलं धावला नाहीत तर तोंडावर आपटाल. अंगात मुरलेलं सगळं 'पुढे' उतरणं आहे. आणि या फळीवर नेमकं उलटं. तिच्यावरून मागे उतरायचं असतं.

का ते समजून घेतलं तर मूलही विसरत नाही. दोन्ही पावलांखाली रबराच्या गाद्या असतात आणि त्यांच्याखाली, पाय आहे की नाही हे ओळखणाऱ्या कळा. फळीचा अर्धा भाग किती कलला हे मोजणारं एक उपकरण प्रत्येक बाजूला वेगळं, आणि चाकातली मोटरही प्रत्येक बाजूला वेगळी. म्हणजे एका फळीत दोन स्वतंत्र यंत्रं शेजारी शेजारी. बोटांवर भार आला की ते 'पुढे चल' असं समजतं, टाचेवर आला की 'मागे चल'. आता मूल पुढे पाऊल टाकून उतरू लागलं की मागे राहिलेल्या पायाच्या बोटांनी फळीला रेटा बसतो. यंत्राला वाटतं, हुकूम झाला. ते बिचारं इमानानं पुढे येतं आणि उतरणाऱ्याच्या घोट्यावर आदळतं. किंवा एकच बाजू पळते आणि फळी गर्रकन फिरते.

आमच्या खालच्या मजल्यावरचा पाचवीतला मुलगा असाच पडला. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर, सहामाही परीक्षा लेखनिक घेऊन दिली. त्याची आई सगळ्यांना सांगत होती, "पहिल्यापासून धांदरटच आहे तो." मुलगा शेजारीच उभा होता, मान खाली घालून. मला राग आला तो तिथे. मुलगा धांदरट नाही. त्याला जे कोणी सांगितलंच नाही ते त्याला आलं नाही, इतकंच. पस्तीस वर्षं शिकवल्यावर या दोन गोष्टींतला फरक मला बरा कळतो.

आता त्या वाक्याकडे वळते. सायकल पडून शिकता येते, कबूल. मीही तासावर भाड्याची सायकल घेऊन, नळीच्या मधून पाय घालून, ढोपरं फोडून शिकले. पण सायकल कशी पडते ते दिसतं. तोल डावीकडे गेला, डावीकडे पडलो, पुढच्या वेळी सावरलं. आणि आपण पडलो की सायकलही निमूटपणे आडवी होते. या फळीचं तसं नाही. तुमची टाच गादीवरून अर्धवट उचललेली असली तरी यंत्राच्या हिशेबी तुम्ही अजून वरच आहात! पडणाऱ्याला आपण का पडलो हे दिसतच नाही, मग तो त्यातून शिकणार काय? फार तर 'मला जमत नाही' एवढंच.

शिवाय या जातीचं यंत्र बनवणाऱ्या मोठ्या लोकांनीसुद्धा 'पडा आणि शिका' असं म्हटलेलं नाही. डीन केमन यांनी २००१ साली सेगवे नावाची दांड्याची दुचाकी जगापुढे आणली, ती या फळीची थोरली बहीण. २००३ मध्ये सुमारे सहा हजार सेगवे परत बोलावल्या गेल्या, कारण बॅटरी संपत आली की काही वेळा स्वार पडत होते. २००६ मध्ये पुन्हा साडेतेवीस हजार. कारण फार वाचण्यासारखं आहे. वेग जास्त झाला की यंत्र स्वाराला मागे कलवतं, अशा वेळी स्वार खाली उतरला आणि यंत्र पुरतं थांबायच्या आत परत वर चढला, तर चाकं अचानक उलटी फिरू शकत होती. म्हणजे गोष्ट चढण्या-उतरण्याचीच! कंपनीनं आतली प्रणाली फुकट बदलून दिली. २००३ च्याच जून महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश सेगवेवरून अडखळले, तेव्हा यंत्र चालूच केलेलं नव्हतं असं बातम्यांत आलं. तेव्हा पाचवीतल्या पोराला नावं ठेवायचं काही कारण नाही.

बरं, शिकवायला वेळ किती लागतो? दहा मिनिटं. मी पुस्तिका भिंग घेऊन वाचली (मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं आणि मराठी अर्थातच नाही), आणि विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून खात्री करून घेतली. आधी पूर्ण थांबायचं. दोन्ही पावलं सपाट, नजर समोर, पायांकडे नाही. मग एक पाऊल सरळ मागे न्यायचं, आणि न्यायचं म्हणजे उचलायचं, घासत न्यायचं नाही. अर्धवट उचललेला पाय हा सगळ्यात वाईट. त्या वेळी दुसरं पाऊल तसंच सपाट, जणू फरशीला चिकटवलंय. पहिला पाय जमिनीवर नीट टेकला की मग दुसरा, तोही मागेच. उडी कधीही नाही. शिकवणाऱ्यानं समोर उभं राहून दोन्ही हात नुसते आधाराला द्यायचे, ओढायचं नाही, ओढलं की मूल बोटांवर येतंच. आणि चढ-उतार दहा-दहा वेळा झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. बूट सपाट तळाचे हवेत, चपला नकोत. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे हवेतच. आणखी एक, यंत्राला किमान वजनही लागतं. अनेक पुस्तिकांत ते वीस किलोच्या आसपास दिलेलं असतं. त्याहून हलकं मूल वर उभं केलं तर त्याचा भार कळांना धड कळत नाही. पहिलीतल्या नातीला हौसेनं उभं करणाऱ्या आजोबांनी हे दोनदा वाचावं.

दुसरी तक्रार म्हणजे "बोर्ड एका बाजूला ओढतो" किंवा "आपोआप फिरतो". दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बंद करून चालू करा." ते अर्धंच खरं आहे. बंद करायचा, सपाट जमिनीवर ठेवायचा, दोन्ही भाग एका रेषेत समपातळीत आणायचे आणि चालू करायचं बटण दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, साधारण पाच ते दहा सेकंद. मग सोडून, बंद करून, पुन्हा चालू. (यंत्रायंत्रात थोडा फरक असतो, आपली पुस्तिका पाहावी.) असं केलं की 'सपाट म्हणजे काय' हे यंत्र नव्यानं शिकतं. आता बघा, आपल्याकडे गॅलरीला आणि पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. तिथे हा उद्योग केला तर यंत्र तो उतारच सपाट धरून बसणार! बैठकीच्या खोलीत करा. तरी वर कोणी नसताना चाक फिरत राहिलं तर रबराची गादी कडेला अडकली आहे का, खाली खडा गेलाय का ते पाहा, अर्थात बंद करून.

टूं टूं आवाज आला की तो गाण्याचा भाग नव्हे. बॅटरी संपत आली असेल, वेग जास्त झाला असेल, चढ फार असेल. कारण नंतर शोधावं, आधी थांबून उतरावं. मागेच.

आणि बॅटरीबद्दल मी मुळीच ऐकून घेणार नाही. २०१६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत पाच लाखांहून अधिक होव्हरबोर्ड आगीच्या धोक्यामुळे परत बोलावले गेले. २०१७ मध्ये हॅरिसबर्गला अशाच आगीत घर जळून लहान मुलांचे जीव गेले. बहुतेक फळ्यांत ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, तिचा चार्जर ४२ व्होल्टचा. पिन बसते म्हणून दुसऱ्या कशाचा लावायचा नाही. रात्रभर लावून झोपायचं नाही. बाहेर पडायच्या दाराजवळ तर नाहीच, कारण आग लागली तर पळायचं कुठून? फुगली, वास आला, हाताला चटका बसू लागला तर चार्जिंग तिथेच बंद, आणि घरी उघडून पाहणारे जे काका असतात त्यांना लांब ठेवायचं.

दुकानदाराला मी म्हटलं, एवढे हजार रुपये घेता, मराठीत एक पान का नाही देत? तो म्हणाला, "आजी, कोण वाचतं?" मी ते पान लिहिलं. मोठ्या अक्षरात, मागे उतरण्याच्या चित्रासकट (चित्र खालच्या मजल्यावरच्या त्या मुलानं काढलंय, प्लास्टर निघाल्यावर). लिफ्टशेजारी लावलं होतं, सेक्रेटरींनी नियमावर बोट ठेवून काढायला लावलं. आता चारही घरी एकेक प्रत दिली आहे. भाचरांपैकी किंवा तुमच्यापैकी कोणाला हवं असेल तर कळवा, पाठवते.